इंदुताईंच्या चकलीला अनुदान

जयेंद्रगंजातल्या दिनकररावांची बायको फार देवभोळी आहे, अशी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ख्याती होती. ती पसरवली होती खुद्द दिनकररावांनी. ऑफिसात डबा उघडला की म्हणायचे, "आमच्या घरात सदा कसलं ना कसलं व्रत. सोमवार झाला की मंगळवार, मंगळवार झाला की संकष्टी. नैवेद्याची कढई चुलीवरून म्हणून उतरत नाही." ऐकणारे माना डोलवायचे आणि डब्यातली एकेक चकली उचलायचे. कुठल्या देवाला रोज उठून चकली लागते, हा प्रश्न त्या ऑफिसातल्या एकाही शहाण्याला पडला नाही. दिनकररावांना तर नाहीच नाही.

व्रतबित काही नव्हतं. इंदुताई चकल्या विकत होत्या. मागच्या दाराने, मेथीच्या जुड्यांखाली लपवून, चांगली आठ वर्षं.

याचं मूळ होतं विलीनीकरणात. संस्थान गेलं, ग्वाल्हेर-इंदूर एकत्र करून मध्यभारत नावाचं राज्य झालं, आणि दिनकररावांचा फरासखाना उठला. फरासखाना म्हणजे दरबाराचे तंबू, गालिचे, गाद्या-तक्के सांभाळणारं खातं. दिनकरराव त्यात मानाचे कारकून. कुठल्या पाहुण्याला कुठला गालिचा, तक्क्याची खोळ जरीची की साधी, हे त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. नव्या सरकारला गालिच्यांची गरज नव्हती. त्याने दिनकररावांना टपालाच्या टेबलावर बसवलं. वर त्या सरकारच्या राजधान्या दोन! हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. फायलींच्या पेट्यांबरोबर माणसंही सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. इंदुरातली खोली आणि खानावळ निम्मा पगार गिळायची. उरलेल्यात इंदुताईंनी घर चालवायचं, मुलगी शरयूला शिकवायचं, आणि वर आल्यागेल्याला दरबारी थाटात फराळ द्यायचा. सोंगं आणता येतात सगळी, पैशाचं आणता येत नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात एकदा भाजीचे पैसे द्यायला घरात नव्हते, तेव्हा इंदुताईंनी हजीरा वस्तीतून येणाऱ्या रामकली भाजीवालीच्या हातावर चार चकल्या ठेवल्या. रामकलीने एक तिथेच मोडून खाल्ली, उरलेल्या पदरात बांधल्या आणि म्हणाली, "बाई, जे तो बिक जाएँगी." दुसऱ्या दिवशी तिच्या टोपलीत मेथीखाली डबा गेला आणि संध्याकाळी रिकामा परत आला.

आता घेणारे कोण, तर परके नव्हेत हो. आपलेच! पागेतले मानकरी महिपतराव, त्यांच्या मंदाताई. त्यांच्या हातचे अनारसे असे की जाळी मोजत बसावी, पण चकली तळली की मऊ पडायची. पुराणिकांच्या श्रीपादरावांच्या सुमनताई. त्यांची भाजणी खमंग, पण सोऱ्या दाबायला मनगटात जोर नाही. सगळ्यांचीच घरं विलीनीकरणाने खंगली होती. मग इंदुताईंनीच हळूहळू जाळं विणलं. मंदाताईंचे अनारसे रामकलीच्या टोपलीतून सुमनताईंकडे, सुमनताईंची भाजणी इंदुताईंकडे, इंदुताईंच्या चकल्या सगळ्यांकडे आणि उरलेला माल बिर्लानगरच्या गिरणीकामगारांच्या वस्तीत. प्रत्येक घरात चार पैसे येऊ लागले आणि प्रत्येक बाई शेजारणीला सांगू लागली की आमच्याकडे सगळं घरी होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

इंदुताईंचा स्वभाव मुळात चावट. मंदाताईंकडे हळदीकुंकवाला गेल्या की आपलीच चकली ताटलीत पाहून विचारायच्या, "मंदाताई, काटा काय सुरेख आलाय हो! मोहन किती घालता?"

मंदाताई पापणी न लववता सांगायच्या, "अंदाजाने."

"तरी वाटलंच. अंदाज असावा तर असा."

असं सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात छप्पन्न सालच्या पावसाळ्यात बातमी आली की मध्यभारतही मोडणार. भाषा आणि हिशेब पाहून राज्यांची नवी वाटणी होणार, ग्वाल्हेर मध्यप्रदेशात जाणार आणि राजधानी एकच, भोपाळ. नवं राज्य ऐन दिवाळीच्या तोंडावर सुरू व्हायचं होतं. दिनकररावांच्या हातात बदलीचा हुकूम पडला.

"दरबार झाला, इंदूर झालं, आता भोपाळ," ते म्हणाले. "या खेपेला बिऱ्हाड हलवायचं. दोन घरं चालवायला मी जहागीरदार नाही. शरयूचं कॉलेजही तिथेच बघू."

इंदुताई मनात हिशेब करू लागल्या. भोपाळात रामकली नाही, जयेंद्रगंज नाही, त्यांची चकली ओळखणारं एक तोंड नाही. पुन्हा नवऱ्यापुढे हात पसरायचा आणि मीठ संपलं की त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. आठ वर्षांत त्यांना स्वतःच्या कमाईची चटक लागली होती. ती त्यांना गमवायची नव्हती, आणि ते कुणाला सांगायची सोयही नव्हती.

मार्ग निघाला तो शरयूच्या वाचण्यातून. ती पेपर घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, सुन ना. सरकार बायकांच्या उद्योगांना अनुदान देणार आहे. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने कमावता यावं म्हणून. चक्की, कढया, जागेचं भाडं, सगळं. और जो संचालिका बनेगी ना, तिला मानधन पण."

रात्रीच्या जेवणात इंदुताईंनी तूप वाढता वाढता विषय काढला. दिनकरराव विचारात पडले. त्यांचं शास्त्र वेगळंच होतं.

"विकणं आपल्यात नाही," ते म्हणाले. "पण सरकार नेमणार, सरकार मानधन देणार, म्हणजे ती नोकरी झाली. नोकरीला लाज कसली? अनुदान मिळालं तर तू आणि शरयू इथे राहा, मी भोपाळला खानावळीत जेवेन. नाही मिळालं तर धनत्रयोदशीच्या आत सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," इंदुताई म्हणाल्या, आणि तूप जरा जास्तच वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भगिनी उद्योग मंडळ जन्माला आलं. अध्यक्ष मंदाताई, कारण त्यांची बैठकीची खोली सगळ्यांत मोठी. चिटणीस आणि संचालिका इंदुताई, कारण काम सगळं त्यांनाच करायचं. अर्ज गेला, आणि नवरात्र उलटल्यावर कळलं की सक्सेनाबाई नावाच्या अधिकारी पाहणीला येणार.

हे ऐकून दिनकररावांच्या अंगात वारं संचारलं. सरकारी पाहुणा! आठ वर्षं त्या माणसाला एक गालिचा अंथरायला मिळाला नव्हता. त्यांनी जुन्या दोस्ताच्या माळ्यावरून गालिचा आणवला, तक्के झटकवले, कुठून तरी अत्तरदाणी आणि गुलाबदाणी पैदा केली. मंदाताईंच्या बैठकीत स्वतः गुडघ्यांवर बसून गालिच्याची किनार भिंतीशी सरळ लावली.

"अहो, ती बाई काम बघायला येणार आहे," इंदुताईंनी एकदा सांगून पाहिलं. "माझ्या घरी आणू. कढई पाहील, सोऱ्या पाहील."

मंदाताईंनी कपाळाला हात लावला. "पाहुण्याला चूल दाखवतात का कुणी? म्हणे सोऱ्या पाहील! लोक काय म्हणतील?"

आणि खरं सांगायचं तर इंदुताईंनाही ते पटलं. पाहुणा आला की पसारा आवरायचा, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यांनी आपल्या हाताने घरातल्या कढया पोत्याखाली घातल्या, सोऱ्या पलंगाखाली सारला, आणि लग्नातला शालू काढून नेसल्या. एवढी चलाख बाई, पण त्या दिवशी अक्कल गहाण पडली ती पडलीच.

सक्सेनाबाई टांग्यातून उतरल्या. साधी सुती साडी, पायात चपला, काखेत फाईल. दारातच त्यांच्यावर गुलाबपाण्याचा शिडकावा झाला. मनगटाला अत्तर लागलं. मोगऱ्याचा गजरा दिला गेला. हळदीकुंकू झालं, ओटी भरली गेली. नारळ आणि तांदूळ सांभाळावे की फाईल, हे त्या बाईंना कळेना. शेवटी त्या तक्क्याला टेकल्या आणि चांदीच्या ताटलीतली चकली त्यांनी तोंडात टाकली.

"अरे वाह. ये किसने बनाई?"

"घर की है," मंदाताई म्हणाल्या.

सुमनताईंना राहवेना. "हमारे यहाँ भी ऐसी ही बनती है."

कोपऱ्यातून आणखी एक आवाज आला, "हमारे यहाँ भी." इंदुताई आपल्या शालूच्या काठाकडे बघत राहिल्या.

"तो आप लोग बेचती कहाँ हैं?" सक्सेनाबाईंनी फाईल उघडली.

मंदाताईंचा चेहरा उतरला. "बेचती? राम राम! हमारे में औरतें बेचती नहीं हैं."

"फिर पैसा लेकर काम कौन करता है?"

सगळ्याजणी एकमेकींच्या नथींकडे पाहत बसल्या. सक्सेनाबाईंनी फाईल मिटली, हात जोडले आणि गोड आवाजात म्हणाल्या, "भगवान की दया से यहाँ सब सुखी हैं. देखकर बहुत अच्छा लगा. सरकार का पैसा तो काम करनेवाली, ज़रूरतमंद बहनों के लिए है."

गंमत बघा, सुखी म्हटल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे फुलले. पुढचं वाक्य डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा सक्सेनाबाई पायऱ्या उतरत होत्या. ओसरीवर दिनकरराव वाट पाहत उभे होते. त्यांनी बायकोला विचारलं, "कशी काय झाली बैठक?"

"फार उत्तम," इंदुताई म्हणाल्या. "एक पैसा मिळायचा नाही." आणि शालूचा घोळ सावरत त्या टांग्यामागे पळाल्या.

कोपऱ्यावर त्यांनी टांगा गाठला. दम लागला होता, गजरा सुटून खांद्यावर आला होता. "बहनजी, मैं बेचती हूँ," त्या म्हणाल्या. "आठ बरस से. वो चकली मेरी है. सबके घर की मेरी ही है."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते उघड बोलून दाखवलं. टांगेवाल्याने मान वळवून पाहिलं. सक्सेनाबाईंनी त्या शालूकडे, गजऱ्याकडे आणि घामेजल्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना हसू आलं.

"आपकी बात मैं मानती हूँ. पर अनुदान मंडल का होता है, अकेली का नहीं. बाक़ी बहनें अपने मुँह से कहें कि काम करती हैं और पैसा लेती हैं, तो मैं लिख दूँ. और जल्दी कीजिए. दिवाली से पहले हमारी सब फाइलें भोपाल के लिए बँध जाएँगी."

इंदुताई परत आल्या. रागावल्या होत्या, मंदाताईंवर, सुमनताईंवर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. घरी दिनकरराव समजूत घालत होते. "गालिचा जरा जास्त भारी झाला असेल. सतरंजी घालायला हवी होती." इंदुताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पेपर घेऊन बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी इंदुताईंनी कढई उलटी करून ठेवली. रामकली आली तर तिला म्हणाल्या, "आज से चकली बंद. सबको बोल देना. दिवाली का फराल अपना-अपना बनाओ."

"काहे बाई?"

"सब घर में ही बनाती हैं ना? तो बनाएँ."

रामकली टोपली खाली ठेवून पोट धरून हसली. तिने निरोप असा काही चवीने पोचवला की संध्याकाळपर्यंत जयेंद्रगंजात हाहाकार उडाला. दिवाळी तोंडावर आलेली. महिपतरावांकडे भाऊबीजेपर्यंत पागेतली जुनी मित्रमंडळी फराळाला यायची, आणि ते मिशीला पीळ देऊन सांगायचे की चकली खावी तर आमच्या सौभाग्यवतीच्या हातची. मंदाताईंनी दार लावून एक घाणा तळून पाहिला. ती चकली मांजराने हुंगून सोडून दिली.

दिवे लागायच्या सुमाराला मागचं दार वाजलं. डोक्यावरून पदर घेऊन मंदाताई उभ्या. मागे सुमनताई. "इंदुताई, असं काय हो करता? माणसाने माणसाला असं अडचणीत टाकावं?"

"मी कुठे टाकलं? तुमच्याकडे तर औरतें बेचती नहीं."

"तोंडातून गेलं. सवयीने गेलं."

"मग आता सवयीनेच उलटं म्हणा." इंदुताई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "गुरुवारी दुपारी माझ्या घरी यायचं. दिवसाउजेडी, पुढच्या दाराने, आपापला सोऱ्या हातात घेऊन. सक्सेनाबाई येतील. त्यांना सांगायचं, काम करतो आणि पैसे घेतो. की लगेच कढई चढते. नाही तर मी चालले भोपाळला, आणि तुमच्या चकल्यांचं तुम्ही बघा. या दिवाळीलाच नाही, पुढच्या सगळ्या दिवाळ्यांना."

सुमनताईंनी मंदाताईंकडे पाहिलं. नाक दाबलं की तोंड उघडतं. "पुढच्या दाराने म्हणजे दिनकरराव..." मंदाताई म्हणाल्या.

"ते ऑफिसात असतात. त्यांना कळायचं कारण नाही," इंदुताई म्हणाल्या. ते मात्र त्यांनी जरा हळू आवाजात सांगितलं.

गुरुवारी दुपारी गल्लीतल्या लोकांनी जे पाहिलं ते पुष्कळ दिवस पुरलं. मानकऱ्यांच्या, पुराणिकांच्या, वैद्यांच्या घरच्या बायका हातात पितळी सोऱ्या घेऊन, सरळ रस्त्याच्या मधून, मान ताठ करून चालल्या होत्या. मंदाताई सर्वांत पुढे. तलवार धरावी तसा त्यांनी सोऱ्या धरला होता. इंदुताईंच्या स्वयंपाकघरात भाजणी मळली गेली, कढई तापली, ओसरीपर्यंत वास सुटला. रामकलीही आली होती, बिर्लानगरच्या दोघी गिरणीवाल्यांच्या बायका घेऊन. अंगणात सगळ्या एकाच सतरंजीवर बसल्या. एरवी याला सोवळं आड आलं असतं, पण तापलेल्या तेलापुढे बसलेल्या बाईला असल्या गोष्टी सुचत नाहीत.

सक्सेनाबाई आल्या त्या दारातच थबकल्या. गुलाबपाणी नाही, अत्तर नाही. कुणी उठलंसुद्धा नाही, कारण सगळ्यांचे हात पिठात.

"हाँ, अब बताइए," त्या पाटावर बसत म्हणाल्या.

रामकलीने सुरुवात करून दिली. "हम तो पइसा लेत हैं, बहनजी. मेहनत करी है, काहे की सरम?"

ती मोकळी झाली. पाळी सुमनताईंची आली. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "मैं... वो... भाजणी..." आणि पुढे शब्दच फुटेना. मंदाताईंनी तर सोऱ्या दाबण्यात असं काही लक्ष घातलं की चकलीचे वेढे ताटाबाहेर चालले. पिढ्यान्‌पिढ्या गिळलेली गोष्ट अशी एका दुपारी बाहेर येत नाही. सक्सेनाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. इंदुताईंना वाटलं, संपलं. आता सामान बांधायचं.

आणि त्यांना एकदम सुचलं. "सुमनताई, उखाण्यात घ्या."

"काय?"

"उखाण्यात घ्या म्हणते. नवऱ्याचं नाव सरळ घेता येत नाही तेव्हा आपण काय करतो? तसंच." मग त्या सक्सेनाबाईंकडे वळल्या. "हमारे में कठिन बात सीधी नहीं बोलते बहनजी, तुक जोड़के बोलते हैं. चलेगा?"

"सच हो तो चलेगा."

सुमनताई लाजल्या. पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला, नजर खाली घातली, लग्नात घालतात तशी. आणि एका दमात म्हणाल्या,

"भाजणीत घातले धणे नि तीळ,
श्रीपादरावांच्या घरचं मीच भरते विजेचं बिल."

अंगणात एकच हशा पिकला. शरयूने हिंदीत अर्थ सांगितला आणि सक्सेनाबाईही हसल्या. मग काय विचारता! तोंडं उघडली. मंदाताईंनी पीठ लागलेला हात उंच केला. "थांबा, मला घेऊ द्या.

भिंतीवर टांगली आजेसासऱ्यांची तलवार,
महिपतरावांच्या संसाराला माझ्या अनारशांचा आधार."

एकेक बाई घेत गेली. कुणी सांगितलं की पोराची फी तीच भरते, कुणी सांगितलं की सासूचं औषध पापडावर येतं. शेजारीपाजारी राहून ज्या गोष्टी एकमेकींना ठाऊक असून ठाऊक नव्हत्या, त्या यमकात गुंफून एकामागून एक बाहेर पडल्या. गिरणीवाल्यांच्या बायकांनीही हिंदीत तुक जुळवली. सक्सेनाबाई भराभर लिहीत होत्या.

"और चिटणीस साहिबा?"

इंदुताई हसत हसत उभ्या राहिल्या आणि त्यांचं हसू तिथेच थिजलं. अंगणाच्या दारात दिनकरराव उभे होते. ऑफिसातल्या फायली पेट्यांत बंद झाल्यामुळे सगळ्यांना दुपारी घरी सोडलं होतं. सामान बांधायला आणलेलं सुतळीचं बंडल त्यांच्या हातात होतं. किती वेळ उभे होते, कुणास ठाऊक.

सक्सेनाबाई पेन उचलून वाट पाहत होत्या. इंदुताईंना वाटलं, काहीतरी गुळमुळीत म्हणावं, देवाधर्माचं, नैवेद्याचं. जमलंही असतं, आठ वर्षांचा सराव होता. पण सुमनताईंच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे त्यांची नजर गेली आणि त्यांना ते जमेना. त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांत बघून नाव घेतलं,

"दरबार गेला, इंदूर झालं, आता आलं भोपाळ,
दिनकररावांच्या संसाराचा चकलीने केला सांभाळ."

या खेपेला कुणी हसलं नाही.

"आठ वर्षं?" दिनकररावांनी विचारलं.

"हो."

"आणि ती व्रतं?"

"एकादशी खरी होती," इंदुताई म्हणाल्या.

दिनकररावांनी सुतळीचं बंडल कट्ट्यावर ठेवलं आणि आल्या पावली निघून गेले. सक्सेनाबाईंनी लिहिलेल्यावर सही केली आणि इंदुताईंच्या खांद्यावर हात ठेवला.

अनुदान मंजूर झालं. जाता जाता मध्यभारत सरकारने जी काही शेवटची कामं उरकली त्यात हेही एक. त्या पैशातून बाजारच्या रस्त्यावर मंडळाला एक खोली मिळाली, चक्कीची सोय झाली, दारावर पाटी लागली. बायकांनी पेढे वाटले, तेही स्वतःच केलेले.

घरात मात्र शब्द नव्हता. दिनकरराव वेळेवर जेवत, वेळेवर झोपत, आणि काही विचारलं तर हं म्हणत. त्यांनी ट्रंक बांधली ती फक्त स्वतःची. म्हणजे ठरल्याप्रमाणे वागले. इंदुताई आणि शरयू ग्वाल्हेरात राहणार हे पक्कं झालं. इंदुताईंना हवं ते मिळालं आणि घास काही गोड लागेना. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणात इंदुताईंचा हात कुणी धरला नसता. पण या गप्प माणसापुढे त्यांना काही सुचत नव्हतं. त्याचा मान आपण चार बायकांत उतरवला हे त्यांना खुपत होतं, आणि आपण खोटं तरी काय बोललो, हेही मनातून जात नव्हतं. प्रवासाला डबा देऊ का, असं विचारायचं त्यांनी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत फिरल्या.

भोपाळच्या गाडीच्या दिवशी सकाळीच त्या मंडळाच्या खोलीवर गेल्या. दिवाळीची गर्दी उसळली होती. मंदाताई अनारशांची परात घेऊन बसल्या होत्या, सुमनताई पुड्या बांधत होत्या, इंदुताई तराजूवर. बाहेर रस्त्यावर टांगा थांबला. त्यात ट्रंक होती. काळा कोट, काळी टोपी घातलेले दिनकरराव उतरले आणि गिऱ्हाइकांच्या मागे, हजीऱ्याच्या दोन माणसांच्या पाठीशी, मुकाट्याने जाऊन उभे राहिले. पुढच्यांनी ओळखून वाट करून दिली तरी ते जागचे हलले नाहीत.

त्यांची पाळी आली. इंदुताईंच्या हातातलं माप थांबलं. "काय हवंय?"

"चकली. दोन शेर."

"घरी डबा भरून ठेवला असता," इंदुताई हळूच म्हणाल्या.

"घरची नको." दिनकररावांचा आवाज नेहमीसारखाच होता, ऑफिसात टपाल मागताना असतो तसा. "भोपाळला लोक विचारतील, कुणाची म्हणून. इतकी वर्षं फुकट खाऊन मी देवाचं नाव सांगत आलो. आता विकत घेतली, तर माझ्या बायकोच्या दुकानातली आहे, असं सांगता येईल."

सुमनताईंचा पुडीचा दोरा हातातच राहिला. इंदुताईंनी चकल्या तोलल्या. एक तुटलेली निघाली, ती काढून त्यांनी दुसरी घातली. दिनकररावांनी खिशातून पाकीट काढलं.

"इंदुताई, अहो, त्यांच्याकडून कसले पैसे घेता?" मंदाताई कुजबुजल्या.

इंदुताईंनी भाव सांगितला. पुरा, सगळ्यांना असतो तोच. दिनकररावांनी घासाघीस केली नाही. नोट पुढे केली, आणि इंदुताईंनी ती घेऊन गल्ल्यात टाकली, उरलेले सुटे त्यांच्या तळहातावर ठेवले. ते टांग्यात जाऊन बसले. पुढचं गिऱ्हाईक एक शेर, एक शेर म्हणून दोनदा ओरडलं, तरी इंदुताईंना ऐकू आलं नाही.